पालीच्या फुप्फुसात राहणारीस

दर्यापूर, जि. अमरावती

प्रिय रायलिएटिएला,



तुला जगायला तीन गोष्टी लागतात: पाल, झुरळ आणि पालीची विष्ठा. आमच्या दर्यापुरात या तिन्ही एका छपराखाली मिळतात, म्हणून हे पत्र इथल्या पत्त्यावर लिहिते आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेलं घरही तिच्याबरोबर हलतं. आमच्या या खारपाणपट्ट्यात घर बांधलेल्या कुणालाही विचारावं. भिंतीला तडा जातो, तो सिमेंटने बुजवला की पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरा पडतो. त्या तड्यात पाल दिवस काढते. अंधार पडून दिवा लागला की ती बाहेर येते आणि दिव्याभोवतीचे किडे टिपते. पहिल्या पावसानंतर तर तिला जागचं हलावंही लागत नाही. भिंतीखाली काळी, टोकाला पांढरी अशी तिची विष्ठा पडते. रात्री मोरीतून वर आलेलं झुरळ ती खातं. त्या विष्ठेत तुझी अंडी असतात.

पुढचं मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून सांगत आले. अंड्यात तुझी अळी तयार असते. तिला आखूड पायांच्या दोन जोड्या आणि तोंडाशी भोक पाडायचं हत्यार असतं. झुरळाच्या आतड्यात अंडं फुटतं, अळी आतड्याची भिंत भेदून चरबीच्या थरात शिरते आणि कात टाकत वाढते. मग एका रात्री पाल ते झुरळ पकडते. अळी पुन्हा आतडं भेदते, पण या वेळी तिची वाट फुप्फुसाकडे जाते. तिथे तू मोठी होतेस, नर तुला तिथेच भेटतो, तू अंडी घालतेस. ती अंडी श्वासनळीतून पालीच्या तोंडात येतात, पाल ती गिळते आणि विष्ठेबरोबर ती भिंतीखाली पडतात. झुरळ हा तुझ्या प्रवासातला मधला यजमान असल्याचं लाव्हॉपिएर यांनी १९६६ साली ‘नेचर’ नियतकालिकात छापलं. त्याआधी तू पालीत सापडायचीस, पण तिथवर पोचतेस कशी हे कोडं होतं.

तुझा हा सगळा संसार माणसाच्या घरावर उभा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रानातल्या कुठल्याही साखळीइतकीच ही साखळी खरी आहे, आणि ती मोरी, माळा, ट्यूबलाइट आणि भिंतीतला तडा यांच्या आधाराने चालते. कवेलूची आणि धाब्याची घरं जाऊन स्लॅब आले, बंद नाल्या आल्या, रात्रभर जळणारे दिवे आले. यातल्या प्रत्येक बदलाने पाल आणि झुरळ यांची भेट कुठे वाढवली असेल, कुठे कमी केली असेल. पर्यावरण म्हटलं की आमची मुलं मेळघाटाकडे बोट दाखवतात. मेळघाट आहेच. पण त्यांच्या स्वयंपाकघरात रोज रात्री जे चालतं, तेही त्याच शास्त्राचं प्रकरण आहे.

तू मुळात कोण, हे कळायलाच शास्त्रज्ञांना खूप काळ लागला. शरीर किड्यासारखं लांबट, पाय नाहीत, हृदय नाही. तोंडाभोवती आकड्यांच्या दोन जोड्या. पूर्वीच्या लोकांना त्या चारही जागा तोंडंच वाटली, म्हणून तुझ्या कुळाला पाच तोंडांचं नाव मिळालं. कुणी तुला कृमींत घातलं, कुणी कोळ्यांच्या जवळ नेलं. १९७२ साली कार्ल व्हिंगस्ट्रँड या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने शुक्रपेशीची सूक्ष्म रचना पाहून दाखवलं की तुझी सर्वांत जवळची नातेवाईक माशांच्या अंगावर राहणारी ऊ आहे. म्हणजे तू खेकडे, झिंगे यांच्या गोतातली. १९८९ मध्ये आरएनएच्या तुलनेनेही तेच निघालं. स्वीडनमधल्या चुनखडकात सापडलेल्या, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या काही अश्मीभूत अळ्या तुझ्याच कुळातल्या मानल्या जातात. त्या काळी पाल नव्हती, झुरळ नव्हतं, जमिनीवर एकही कणाधारी प्राणी नव्हता. घर तर फारच दूरची गोष्ट. समुद्रात कुणाच्या तरी आश्रयाने जगणारी तुझी माणसं जमिनीवर कशी आली, फुप्फुसात कशी शिरली, हा विचार करताना मी अजूनही थांबते.

आणि फुप्फुसात टिकणं सोपं नाही. पालीचं फुप्फुस आपल्यासारखं कोट्यवधी बारीक कोशांचं नसतं, ती आतून जाळीदार अशी एक नाजूक पिशवी असते. तिथे एखादा सेंटिमीटरभर जीव आकडे रोवून, केशवाहिन्यांतलं रक्त पीत बसला, तर सूज यावी, पू व्हावा, यजमानाने त्याला मारून टाकावं. तसं फारसं होत नाही. फुप्फुसाची आतली बाजू चिकटून बसू नये म्हणून तिथे स्निग्ध पदार्थाचा पातळ थर असतो. डंडी विद्यापीठातले जॉन रायली आयुष्यभर तुझ्या कुळाचा अभ्यास करत राहिले. त्यांनी मांडलं की तूही तशाच प्रकारचा थर स्वतःच्या ग्रंथींतून सोडून अंगावर घेतेस, त्यामुळे यजमानाच्या शरीराला तू परकी वाटत नाहीस. मला हे तुझ्याबद्दलचं सर्वांत विलक्षण ज्ञान वाटतं. घेण्यापुरतं घ्यायचं, ज्याच्या श्वासावर आपला श्वास चालतो त्याचा श्वास बंद पडू द्यायचा नाही. अर्थात संख्या वाढली किंवा यजमान नवखा असला की हा तोल बिघडतो. त्यावर पुढे येते.

तू एकटी नाहीस, हेही इथे सांगायला हवं. पालीच्या बोटांच्या घड्यांत, कानापाशी, काखेत बारीक तांबडे ठिपके दिसतात. ते गेकोबिया नावाचे माइट, रक्तावर जगणारे. साध्या भिंगाने दिसतात. आतड्यात गोलकृमी आणि ऊकोरिस्टिका वंशाचे पट्टकृमी असतात. या पट्टकृमींची अळी भुंग्यांच्या कुळातल्या किड्यांत वाढते. प्रयोगशाळेत त्यांना वाढवायला पिठात होणारे तांबूस किडे वापरतात, म्हणजे तीही गोष्ट घरातल्या डब्यापाशी येऊन थांबते. पित्ताशयात पर्णकृमी असतात. पालीच्या अशा एका पर्णकृमीचं वर्णन १९२९ साली जी. डी. भालेराव यांनी केलं, आणि त्या कृमीच्या शास्त्रीय नावापुढे आजही त्यांचं नाव लिहितात. याच भालेरावांनी १९३५ मध्ये भारतातल्या पाळीव जनावरांच्या कृमींवर ग्रंथ लिहिला. रक्तातही मंडळी असतात. झाडाच्या सालीवर चिकटून बसणारी, खोडाशी रंग जुळवणारी एक पाल आपल्याकडे आहे. तिच्याच जातीच्या पालीच्या रक्तात १९०४ साली श्रीलंकेत कास्टेलानी आणि विली यांना मलेरियाच्या नात्यातला एक परजीवी सापडला होता. एका पालीच्या देहात एवढी वस्ती.

आमच्या समाजाने पालीकडे लक्ष दिलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक छापलेलं असतं. पाल डोक्यावर पडली तर काय, उजव्या खांद्यावर पडली तर काय, पुरुषाला काय फळ, बाईला काय फळ, सगळं नेमकं. शेजारच्या आजी अजूनही सांगतात, “पाल आंगावर पडली का डोक्यावरून पानी घ्या लागते.” पाल आपल्या शरीरावर कुठे पडते याची इतकी बारीक नोंद ठेवणाऱ्या समाजाने पालीच्या शरीरात काय असतं याचीही नोंद ठेवावी, एवढीच माझी इच्छा आहे. कारण ती नोंद आता नुसत्या कुतूहलाची राहिलेली नाही.

पाल प्रवास करते. मालाच्या आडोशाला, लाकडात, कौलांत, गाठींत. याच दर्यापूरच्या बनोसा स्थानकावरून शकुंतला रेल्वेने कापूस मूर्तिजापूरला आणि पुढे मुंबईला जात असे. तिथून गाठी समुद्रापार. उत्तर भारतापासून आपल्यापर्यंत घराघरांत दिसणारी पिवळट पोटाची पाल शास्त्रात पहिल्यांदा नोंदली गेली ती १८३५ साली, रुपेलने, तांबड्या समुद्राकाठच्या मस्सावा बंदरातल्या नमुन्यांवरून. ती तिथे जहाजांबरोबर पोचली असावी असंच अभ्यासक मानतात. तिची बहीण, रात्री चुक्‌चुक्‌ करणारी आशियाई घरपाल, तर जगभर गेली. पॅसिफिकमधली बेटं, ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा, अमेरिका खंड. हवाईत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पोचली आणि दिव्याखालची जागा बळकावून तिथल्या आधीच्या लहान पालींना तिने बाजूला सारलं. तिकडे तिला उपरी, आक्रमक म्हणतात. आमच्याकडे ती घरची.

तिच्याबरोबर तूही गेलीस. ऑस्ट्रेलियात डार्विन शहराच्या परिसरात घरपालींच्या फुप्फुसात तू होतीस. पण पाल वस्तीत राहते, दिवे सोडून रानात फारशी जात नाही, त्यामुळे तुझा प्रवासही शहराच्या वेशीवर अडला होता. मग भेक आला. १९३५ साली क्वीन्सलंडमध्ये उसावरचे भुंगे खाण्यासाठी सरकारी शास्त्रज्ञांनी दक्षिण अमेरिकेतला मोठा भेक हवाईहून आणून सोडला. त्याने भुंगे फारसे खाल्ले नाहीत, बाकी सगळं खाल्लं, आणि दरवर्षी पुढे सरकत २००५ च्या सुमारास तो डार्विनपर्यंत पोचला. झुरळ त्यालाही आवडतं. क्रिस्टल केलेहिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच्या फुप्फुसात तू सापडलीस. एका उपऱ्याबरोबर येऊन थबकलेला परजीवी दुसऱ्या उपऱ्याने पुढे नेला. रानात, पाणथळीत, जिथे घरपाल कधीच गेली नव्हती तिथे.

या शोधातली एक गोष्ट मी प्रत्येक तरुण संशोधकाला सांगते. भेकांत आणि तिथल्या एका देशी झाडबेडकात सापडलेल्या तुझे आकडे मोठे होते, पालीतल्या तुझे लहान. जुन्या पद्धतीने मोजमाप केलं तर त्या दोन जाती ठरत होत्या: बेडूक-भेकांतली ‘इंडिका’ आणि पालीतली ‘फ्रेनाटा’. केलेहिअर यांनी २०११ मध्ये आकड्यांचं माप शरीराच्या मापाशी ताडून पाहिलं तेव्हा फरक विरला. जनुकं तपासली तेव्हा दोन्ही तूच निघालीस. यजमानाच्या घरात जेवढी जागा, तेवढी तू वाढलीस. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतून गेल्या अर्धशतकात कृमींच्या कितीतरी नव्या जाती वर्णिल्या गेल्या, त्यांतल्या पुष्कळ एखाद-दुसऱ्या नमुन्याच्या मोजमापावर. त्या कामात घाम आहे, निष्ठा आहे. पण ती सगळी यादी आता जनुकांच्या कसोटीवर पुन्हा लावून घ्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. नावं कमी झाली तरी चालतील, ती खरी असली पाहिजेत.

तुझी आणखी एक बहीण, ओरिएंटॅलिस, बर्मी अजगरांबरोबर फ्लोरिडात गेली. लोकांनी हौसेने पाळलेले अजगर सुटले, दलदलीत वाढले, आणि त्यांच्या फुप्फुसातला हा परजीवी तिथल्या देशी सापांत शिरला. मेलिसा मिलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आपल्या जुन्या यजमानापेक्षा या नवख्या सापांत ती जास्त आढळते आणि जास्त मोठीही होते. अजगर जिथे पोचलेच नव्हते त्या भागातल्या बुटक्या रॅटलस्नेकमध्येही ती पुढे सापडली. झुरळ, मग बेडूक किंवा सरडा, मग साप, अशी तिची वाट. तिथल्या सापाचं फुप्फुस तिला ओळखत नव्हतं. हजारो पिढ्या एकत्र राहून यजमान आणि परजीवी यांच्यात जी समजूत तयार होते, ती त्या सापाच्या वाट्याला आलेली नाही. वर मी तोलाबद्दल म्हटलं ते हेच.

लुईझियानातली गोष्ट याहून गुंतागुंतीची. तिथे भूमध्य समुद्राकडची एक उपरी पाल घरांच्या भिंतींवर राहते. क्रिसिऑन आणि फाँट यांनी २००१ मध्ये तिच्यातले कृमी तपासले, तर तिच्या पोटात निघाला एक ऊकोरिस्टिका पट्टकृमी, ज्याचं पहिलं वर्णन जावा बेटावरच्या पालीवरून झालेलं. भूमध्याकडची पाल, जावातला कृमी, आणि भेट अमेरिकेत. जहाजं कुणाकुणाला कुठे नेऊन सोडतात!

आता मूळ मुद्द्यावर येते. मार्क टॉर्चिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये परक्या मुलखात स्थिरावलेल्या २६ प्राण्यांच्या परजीवींचा हिशेब मांडला. मूळ मुलखात एका प्राण्याला सरासरी १६ परजीवी. त्यांतले फक्त ३ त्याच्याबरोबर नव्या मुलखात पोचलेले, आणि ४ तिथे नव्याने लागलेले. म्हणजे स्थलांतर करणारा प्राणी आपल्या शत्रूंपैकी बहुतेकांना मागे टाकतो, आणि तो नव्या ठिकाणी माजतो त्याचं एक कारण हेही असू शकतं. हा हिशेब मांडायला पहिली गरज कशाची? मूळ मुलखातल्या यादीची. डार्विन, होनोलुलू, न्यू ऑर्लीन्स इथे पालीतून कृमी निघाला की तो पालीने आणला की तिथेच उचलला, हे ठरवताना उत्तर शोधायला आशियाकडेच वळावं लागतं. ज्या भिंतीवर पाल उपरी नाही, त्या भिंतीवरच्या पालीत काय आहे ते आधी माहीत हवं. ती भिंत आमची आहे. ते काम आमचं आहे. परदेशातला एखादा संशोधक येऊन ते करील म्हणून वाट पाहणं मला अपमानास्पद वाटतं.

विदर्भाला हे काम नवं नाही. नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समधले एम. ए. मोघे यांनी १९२५ साली मांगूर माशातल्या पट्टकृमीचं वर्णन केलं, आणि लगेच १९२६ साली ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये पाल-सरड्यांच्या गोतातल्या भारतीय प्राण्यांमधल्या दोन नव्या पट्टकृमींवर लेख छापला. त्या काळी जनुकीय तपासणी नव्हती. सूक्ष्मदर्शक, रंग चढवलेली काचपट्टी आणि हाताने काढलेली आकृती. या लेखाला आता शंभर वर्षं होताहेत. विदर्भात प्राणिशास्त्राची महाविद्यालयं आज जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत आहेत, दर्यापुरातही आहे. मोघ्यांकडे जे होतं त्याहून जास्त सामान यातल्या बहुतेकांकडे आहे.

विच्छेदनाचा प्रश्न मला माहीत आहे. बी.एस्सी.च्या पिढ्यान्‌पिढ्यांनी प्रात्यक्षिकासाठी सरडा कापला. रक्ताभिसरण दाखवायचं, आतडं पिनने ताणून ठेवायचं, आणि आतड्यातून कृमी निघाला तर तो मध्ये येणारी घाण म्हणून बेसिनमध्ये जायचा. अशा किती प्रयोगशाळांच्या नळाखालून किती नमुने वाहून गेले असतील. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने हे विच्छेदन थांबवलं. बरं केलं. त्या आकृत्यांसाठी इतके सरडे मारायची गरज नव्हती. पण त्यामुळे अभ्यास थांबावा असं काहीच नाही. दाराच्या बिजागरीत चिरडलेली पाल प्रत्येक घरात निघते. मांजरीने अर्धवट सोडलेली निघते. अंजनगाव आणि मूर्तिजापूरच्या रस्त्यांवर सरडे चाकाखाली मरतात. मेलेला प्राणी ताजा असताना ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवला, बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाकली, तारीख, गाव, घरातली जागा, की नमुना तयार. विष्ठा तर मारल्याशिवाय मिळते, आणि अंडी तिच्यातच दिसतात. माइट भिंगाने मोजता येतात आणि पाल तिच्या तड्यात परत जाते. एवढ्याला मोठं अनुदान लागत नाही. तीन-चार मुलं, एक शिक्षक आणि वर्षभराची चिकाटी लागते.

लोकांना तुझी भीती वाटेल का? पालीची भीती आधीच आहे. जेवणात पाल पडली की अख्खं गाव दवाखान्यात धावतं. पालीला विष नसतं. तिच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जिवाणू अन्नात जाऊ शकतात, पोट त्यांनी बिघडतं, म्हणून अन्न झाकून ठेवावं, पडलेलं टाकून द्यावं. तुझ्याबद्दल सांगायचं तर माणूस तुझा यजमान नाही. व्हिएतनाममध्ये औषध म्हणून जिवंत पाली गिळणाऱ्या लोकांच्या त्वचेखाली तुझ्यासारखी अळी सरपटल्याचं १९५४ साली दोल्फ्यूस आणि काने यांनी नोंदवलं आहे. दम्यावर, अशक्तपणावर पाल किंवा तिचे भाग खायला सांगणारा कुणी वैदू आमच्याही बाजारात भेटतो. त्याचं ऐकू नये, एवढं मी ठामपणे सांगते. मांजरीची गोष्ट वेगळी आहे. प्लॅटिनोसोमम नावाचा एक पर्णकृमी उष्ण प्रदेशांत मांजरीच्या यकृतात जातो आणि तो तिला पाल खाल्ल्यामुळे मिळतो. ब्राझीलमध्ये पिंटो आणि सहकाऱ्यांनी त्याची साखळी गोगलगाय, मग ओल्या जागेतला बारीक कवचधारी किडा, मग पाल अशी उलगडली. ती पालही तिथली नव्हे, आफ्रिकेतून गेलेली. पाल खाणारी मांजर जेवण सोडून पिवळी पडली तर जनावरांच्या डॉक्टरला ही शक्यता सांगावी.

राग धरावा असं तू काही केलेलं नाहीस. तुझ्याबद्दल किळस वाटायला हवी असं मला शिकवलं गेलं, पण मी मुलांना तसं कधी शिकवलं नाही. एखादा जीव घाणेरडा ठरला की त्याच्याकडे पाहणं बंद होतं. फ्लोरिडातल्या त्या सापांकडे, आणि त्यांच्या फुप्फुसात काय आहे याकडे, कुणीतरी वेळेवर पाहिलं म्हणून आज निदान कळलं तरी.

या पावसाळ्यात दर्यापुरातली काही मुलं घराघरांतून मेलेल्या पाली गोळा करणार आहेत. प्रत्येक बाटलीवर घर मातीचं की स्लॅबचं, मोरी उघडी की बंद, हे लिहायला मी त्यांना सांगितलं आहे. तुझ्या आकड्यांची लांबी आणि शरीराची लांबी दोन्ही मोजायची, आणि प्रत्येकीचा एक तुकडा जनुकीय तपासणीसाठी शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा राखायचा, कारण फॉर्मॅलिनमधून डीएनए धड निघत नाही. नाव द्यायची घाई कुणी करायची नाही, असंही ठरलं आहे.

कळावे,

दर्यापूरची एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका

ता. क. पालीचं फुप्फुस उघडायला बोथट सुई आणि मिठाचं ०.९ टक्के पाणी घ्यायचं, साधं पाणी नाही. साध्या पाण्यात तू फुगून फुटतेस, आणि मग आकडे मोजता येत नाहीत. आमच्या बोअरचं खारं पाणीही चालणार नाही, त्यातल्या मिठाचं प्रमाण घरागणिक बदलतं. मीठ तोलूनच घालायचं.